परस्पर दिलेलं ‘हो’

माझ्या नोकरीत मी सगळ्यात जास्त कशाला भ्याले असेन, तर इंग्रजी ‘वाय’ या अक्षराला. सापाला, साहेबाला आणि सासूबाईंना मी त्याआधी रीतसर भिऊन झाले होते. पण त्या ओळखीच्या भीती होत्या, त्यांच्याशी जमवून घेता येत होतं. ‘वाय’चं तसं नव्हतं. ‘वाय’ म्हणजे येस, म्हणजे हो. कॉम्प्युटर काहीतरी विचारायचा, माणसानं हे एक बटण दाबायचं, आणि मग जे व्हायचं ते होऊन जायचं. मागे फिरणं नाही.

माझी नात मोबाइलवर रोज काही ना काही उतरवून घेते. मध्येच पानभर मजकूर येतो, खाली ‘मान्य आहे’ असं बटण. ती एक अक्षर न वाचता दाबते.

“अगं, कशाला मान्यता दिलीस?”

“काय माहीत आजी. सगळे देतात.”

तिला वाटतं, आजीला यातलं काही कळत नाही. यातलंच काम करून मी घर चालवलंय, हे तिला सांगितलं की ती माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तशी बघते.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. सांगलीत विश्रामबागेत एका निवृत्त प्राध्यापकांच्या बंगल्याच्या तळमजल्यावर आमचं केंद्र होतं. केंद्र म्हणजे दोन खोल्या, गरम होणारे काही कॉम्प्युटर, टेलिफोनला जोडलेला मॉडेम आणि मी. प्राध्यापकांना आम्ही नुसतं सर म्हणायचो. मी तेव्हा चाळिशीच्या अलीकडे. गणिताची पदवी, कॉलेजातली तात्पुरती नोकरी संपलेली, आणि स्वतःच्या हुशारीबद्दल फार चांगलं मत. ती बाई आज मला भेटली, तर मी तिचा कान पिळीन आणि मग चहा पाजीन. दोन्हीची तिला गरज होती.

आमचं काम काय, हे तेव्हा शेजाऱ्यांनाही कळत नव्हतं, म्हणून सांगते. जगात काही माणसं प्रोग्रॅम लिहून ते सगळ्यांना वापरायला मोकळे सोडतात. नुसता प्रोग्रॅम नाही, तो कसा लिहिला तेही उघडं. म्हणजे स्वेटर फुकट द्यायचा आणि विणकामाचे टाकेही सांगायचे, तुम्हाला बाही लांब हवी तर तुम्ही वाढवा. सरांना या गोष्टीचं वेड होतं. त्यांचं म्हणणं, मुंबई-पुण्यात हे मिळतं, मग आपल्या कडेगाव-लोणंदच्या माणसानं काय पाप केलंय?

पाप काही नव्हतं, यंत्रं वेगवेगळी होती. कॉलेजात युनिक्सवर चालणारं मोठं मशीन. छापखान्यांत मॅक. दुकानांत आणि कचेऱ्यांत डॉस, नाहीतर विंडोज. प्रोग्रॅमचं धान्य एकच, पण एकाच्या घरी दगडी जातं, दुसऱ्याकडे मिक्सर आणि तिसरा गिरणीत जाणारा. एकाला जमेल तसं दिलं की दुसऱ्याकडे त्याचा भुगा. तर मी ते धान्य टेलिफोनवरून उतरवून घ्यायचं, प्रत्येक यंत्राला पचेल असं करायचं, फ्लॉपीवर मावतील असे तुकडे पाडायचे आणि लोकांना असं पुडकं द्यायचं, की घरी नेऊन एकच फ्लॉपी घातली की काम झालं. ज्यांच्याकडे मॉडेम होता, ते आमच्या नंबरावर फोन लावून घरबसल्या उतरवून घ्यायचे. बाकीच्यांना एसटी. सांगली स्टँडवर कंडक्टरच्या हातात पाकीट द्यायचं, पलीकडच्या स्टँडवर कुणीतरी घ्यायचं. याला आज काय म्हणतात ते नातीला विचारा.

उतरवून घेणं हीच एक भीती होती. मॉडेम किंचाळायचा, मग तासन् तास एक फाईल मुंगीच्या पावलांनी यायची, आणि ती संपता संपता वरच्या मजल्यावर सरांच्या सासूबाई मिरजेच्या बहिणीशी बोलायला फोन उचलायच्या. लाईन तुटली. आलेलं सगळं पाण्यात. मी जिन्याच्या तोंडाशी जाऊन हात जोडायचे.

“आजी, जरा वेळ फोन उचलू नका हो.”

“का गं? तुझं कुणाशी बोलणं चाललंय एवढं? माणसाचा आवाज तर येत नाही.”

पण खरी भीती पुडकं केंद्राबाहेर गेल्यावर सुरू व्हायची. आधी वाईच्या छापखान्याचे मालक. त्यांच्याकडे मॅक. आमच्याकडून त्यांना चुकून डॉसची फ्लॉपी गेली. मॅकला ती वाचता येईना. तेव्हा त्यानं पडद्यावर अदबीनं विचारलं, की ही तबकडी मला ओळखता येत नाही, नव्याने तयार करून घेऊ का? मालकांनी ‘हो’ म्हटलं. फ्लॉपी कोरी झाली. दुसरी घातली. पुन्हा प्रश्न, पुन्हा ‘हो’. पुडक्यातल्या सगळ्या फ्लॉप्या त्यांनी मनोभावे पुसल्या आणि मला फोन केला.

“ताई, तुम्ही रिकाम्याच पाठवल्यात की!”

“अहो, पण त्यानं विचारलं ना तुम्हाला?”

“विचारलं. एवढं अदबीनं विचारतंय तर नाही कसं म्हणायचं?”

मग कडेगावकडच्या एका साखर कारखान्यातले कारकून, साळुंखे. हे त्याच्या अगदी उलट. ते ‘हो’ही म्हणायचे नाहीत आणि ‘नाही’ही म्हणायचे नाहीत, फोन करायचे.

“म्याडम, ह्ये इचारतंय, आर यू शुअर.”

“हं. मग?”

“मी शुअर हाय का?”

“ते मी कसं सांगू साळुंखे?”

“आवं, मला ठावं असतं तर तुमाला कशाला फोन केला असता?”

गळीत हंगामात त्या माणसाच्या मागे बैलगाड्या, ट्रॅक्टर, साहेब सगळे रांगेत उभे, आणि हा बिचारा एका प्रश्नापुढे हात मांडीवर ठेवून बसलेला. चूक झाली तर गळ्याशी येणार, ही त्याची भीती. त्याची भीती फोनवरून माझ्याकडे यायची, आणि मी आधीच भित्री.

तेव्हा माझ्या हुशार डोक्यातून तोडगा निघाला. प्रश्नच नको! पुडक्याच्या पहिल्या फ्लॉपीत मी हुकमांची माळ लिहून ठेवायचे. यंत्र ते हुकूम एकामागून एक पाळायचं. त्यातच मी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आधीच भरून टाकलं. यंत्रानं विचारायच्या आत माझं ‘वाय’ तयार. साळुंखे खूश, वाई खूश, सर खूश. सर म्हणाले, “याला म्हणतात सोपं करणं!” मी आठवडाभर मान ताठ ठेवून फिरले. आपल्याकडे मोठी माणसं लहानांच्या वतीनं ‘हो’ म्हणतातच. माझं लग्नही असंच ठरलं. मी आत पोहे परतत होते आणि बाहेर वडिलांनी होकार देऊन टाकला होता. त्यामुळे यात काही वावगं आहे, असं माझ्या मनातही आलं नाही.

मग हणमंतरावांचा फोन आला.

हणमंतराव साताऱ्यातल्या एका कचेरीत टेलिफोन ऑपरेटर. कोरेगावकडचं शेतकरी घर, वडील आणि भाऊ फौजेत. हे लहानपणी तापात दृष्टी गेल्यामुळे घरी राहिले, अंधशाळेत शिकले, इंग्रजी टायपिंग शिकले आणि कचेरीच्या बोर्डवर बसले. आवाजावरून माणूस ओळखायचे. मी एकदा सरांच्या कामासाठी त्या कचेरीत फोन केला होता, तेवढ्यावर त्यांनी मला पुढच्या वेळी नावानं हाक मारली होती.

“बाई, आमचा बोर्ड काढत्यात,” ते म्हणाले. “नवं मशीन बसिवलंय. फोन आपला आपुन जोडतंय म्हनं.”

“मग तुम्ही?”

“त्येच तर. सायब म्हनलं, घरी बस. मी म्हनलं, मला टायपिंग येतंय, कॉम्प्युटर द्या, पत्रं मी लिवतो. तर हेडक्लार्क हसाया लागलं. सायब भला मानूस. म्हनला, माझ्याफुडं एक पत्र लिवून दाखव. जमलं तर खुर्ची ऱ्हाईल. न्हाई तर मग घरी.”

कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, की पडद्यावरचं वाचून दाखवणारा एक मोकळा प्रोग्रॅम आहे आणि सांगलीत एक बाई असली सामग्री देतात. तसा प्रोग्रॅम खरंच होता. इंग्रजीत बोलायचा, नाकात बोलायचा, पण बोलायचा. तो युनिक्सवरचा, मी बरीच खटपट करून तो डॉसवर चालता केला. आणि हणमंतरावांसाठी पुडकं करताना मला माझ्या तोडग्याचा दुप्पट अभिमान वाटला. कारण बघा, प्रोग्रॅम बसेपर्यंत यंत्र मुकं. मुकं यंत्र पडद्यावर प्रश्न विचारणार, आणि ज्याला दिसत नाही त्यानं तो वाचायचा कसा? म्हणून त्यांच्या पुडक्यात मी एकही प्रश्न शिल्लक ठेवला नाही. फ्लॉपी घाला, हुकूम द्या, बाकी सगळ्याला माझं ‘हो’.

पाकीट सकाळच्या साताऱ्याच्या गाडीनं गेलं. दुपारी साहेबांपुढे दाखवायचं ठरलं होतं. मी उरलेली प्रत घेऊन आमच्या केंद्रात नुकत्याच आलेल्या एका जुन्या मशीनवर सहज चालवून बघितली.

मशीन थोडं खुरखुरलं. मग गप्प झालं. मी ते बंद करून पुन्हा चालू केलं, तर पडदा काळा. पांढरं टिंबसुद्धा नाही.

पहिल्यांदा वाटलं, मशीनच मेलं. मग माझी हुकमांची माळ काढून वाचायला लागले आणि तिसऱ्या ओळीशी येऊन थांबले. मी यंत्राला सांगितलं होतं: आधी ‘टेंप’ नावाच्या खोलीत, म्हणजे फायलींच्या कप्प्यात, जा, तिथला जुना केर सगळा काढून टाक, मग सामान उतरव. आमच्या सगळ्या मशीनांत ही खोली होती. मी धरून चालले, की असली खोली प्रत्येकाच्या घरात असते. या जुन्या मशीनमध्ये ती नव्हती. यंत्रानं म्हटलं असेल, खोली सापडत नाही. आणि ते निमूटपणे पुढच्या हुकमाकडे वळलं. केर काढ. कुठला? जिथे उभं होतं तिथला. उभं होतं ते माजघरात, म्हणजे सगळ्या कप्प्यांच्या बाहेर. माजघरात होतं नव्हतं ते सगळं त्यानं झाडून टाकलं, यंत्राला जागं करणाऱ्या फायलींसकट.

खरं तर झाडायच्या आधी यंत्र विचारतं: सगळं पुसू? नक्की? आणि तिथे माझं ‘वाय’ उभं होतं.

साताऱ्याच्या त्या मशीनवर कचेरीची सगळी पत्रं होती. तिथे टेंप खोली आहे की नाही, मला माहीत नव्हतं. नसली, तर साहेबांसमोर, हेडक्लार्कसमोर, हणमंतरावांच्या बोटाखाली कचेरी कोरी होणार होती. आणि लोक काय म्हणणार? सांगलीच्या बाईनं चूक केली, असं कुणी म्हणणार नव्हतं. आंधळ्याच्या हातात मशीन दिलं की असंच व्हायचं, असं म्हणणार होते. त्यांच्यानंतर त्या कचेरीत दुसऱ्या कुणा आंधळ्याला खुर्ची मिळाली नसती.

मी फोन लावला. पलीकडून एक बाई इंग्रजीत, गोड आवाजात म्हणाली, हव्या त्या शाखेचा आकडा दाबा. आमचा फोन जुना, बोटानं चकती फिरवायचा. आकडा फिरवला तर त्या बाईला तो कळेना. ऑपरेटर हवा असेल तर थांबून राहा, म्हणाली. मी थांबून राहिले. घंटी वाजत राहिली. बराच वेळ वाजली. मग माझ्या ध्यानात आलं, की ऑपरेटर म्हणजे हणमंतराव, आणि त्यांना त्या टेबलावरून उठवलंय. ज्या यंत्रानं त्यांचा बोर्ड नेला, तेच मला त्यांच्यापर्यंत पोचू देईना.

सर कोल्हापूरला गेलेले. मी पर्स उचलली आणि स्टँडवर गेले.

तो प्रवास मला अजून स्वप्नात पडतो. उसाचे दिवस. पेठ नाक्याच्या अलीकडे एक ट्रॉली आडवी होऊन ऊस रस्त्यावर पसरलेला, गाड्यांची रांग. लोक उतरून ऊस मोडून खायला लागले. कंडक्टरही उतरला. मी दारात उभी राहून म्हटलं, “अहो, निघा ना!”

“बाई, उडत जाऊ व्हय?” तो म्हणाला, आणि मला एक कांडं दिलं. मी ते साताऱ्यापर्यंत हातात धरून बसले होते, हे मला नंतर कळलं. भीतीचं असंच असतं. डोकं एकच चित्र दाखवत राहतं: एक बोट, एक बटण. उंब्रज आलं तेव्हा मी मनातल्या मनात राजीनामा लिहीत होते. नागठाण्याला आले तेव्हा राजीनाम्यानं हणमंतरावांची खुर्ची परत येणार नाही, हे कळून तो फाडलासुद्धा. एवढी हुशार बाई, पण सगळ्या रस्त्यात तिला एक साधी गोष्ट सुचली नाही: कऱ्हाडला उतरून आकडे दाबायचा फोन शोधायचा. शोधला असता तर शाखेला सरळ लागला असता. आज हसू येतं.

कचेरीत शिरले तर सगळी शाखा एका टेबलाभोवती. मध्ये हणमंतराव, पांढरा शर्ट, भांग नीट पाडलेला. फ्लॉपी आत. साहेब नुकतेच मीटिंगमधून येऊन उभे राहिलेले. तेवढाच उशीर झाला होता त्यांना, आणि तेवढ्यावरच सगळं तरलं होतं.

“करू का सुरू, सायब?” हणमंतराव म्हणत होते. बोट बटणावर.

“थांबा!” मी ओरडले. माझा आवाज इतका किरटा आला, की शिपायाच्या हातातला पेला सांडला.

हणमंतरावांनी मान वळवली. “बाई? तुमी सांगलीस्नं आलासा?”

मी साहेबांना म्हटलं, पुडक्यात दोष आहे, माझा आहे, आज चालवू नका. हेडक्लार्क शिंदे लगेच म्हणाले, “बघा सायब, मी म्हनत न्हवतो? ही असली थेरं...” साहेबांनी त्यांना हातानं थांबवलं. मशीनमध्ये बघू द्या, एवढंच मी मागितलं. बसले. टेंप नावाची खोली नव्हती. आणि कचेरीची सगळी पत्रं माजघरात पडली होती, दारात चपला सोडाव्यात तशी, एकावर एक.

मी साहेबांना सांगितलं. साहेब पाणी प्यायले. मग म्हणाले, “सोमवार. फक्त पुढचा सोमवार. नंतर मला वरती उत्तर द्यायचं आहे.”

बाहेर व्हरांड्यात मी हणमंतरावांना सगळं समजावलं. ते शांतपणे ऐकत होते. मला वाटलं, आता आभार मानतील. धावत आले होते ना मी!

“म्हंजी,” ते म्हणाले, “मशीन इचारनार हुतं. सगळं पुसू का म्हनून.”

“हो.”

“आन् तुमी माझ्या वतीनं व्हय म्हनून बसलासा. मला न इचारता.”

“हणमंतराव, तुम्हाला दिसत नाही, म्हणून मी...”

“दिसत न्हाई. ऐकू येतंय की, बाई.”

ते रागावून बोलले नाहीत. तेच वाईट होतं. पुढे म्हणाले, “लहानपनापास्नं बघतोय. हाटेलात गेलो तरी पोऱ्या माझ्यासंगं आल्याला इचारतोय, ह्यास्नी चा पायजे का. आरं, मला इचार की. तुमीबी तसंच केलासा.”

मी हातातलं उसाचं कांडं खिडकीत ठेवलं आणि परतीच्या गाडीत बसले.

सांगलीत आल्यावर सर म्हणाले, केर काढायची ती ओळ बदल, खोली नसली तर बांधायला सांग, झालं. ते मी केलंच. पण प्रश्नाचं काय? यंत्र बोलायला लागायच्या आधीच त्याला प्रश्न विचारता आला पाहिजे. विचार करता करता सुचलं ते एवढं साधं होतं, की लाज वाटली. माणसाचा आवाज फ्लॉपीवर भरून यंत्राच्या पोटातल्या छोट्या भोंग्यातून वाजवणारा एक मोकळा प्रोग्रॅम आमच्या कपाटातच होता. तुकडे पाडून लोकांना मीच तो वाटत होते, गाण्याच्या दोन ओळी ऐकायची गंमत म्हणून!

मग मी माझाच आवाज भरायला बसले. पहिल्याच फ्लॉपीत, बाकी सगळ्याच्या आधी, मराठीत. किती वेळा भरला असेल! एकदा रिक्षा, एकदा कुकरची शिट्टी, एकदा वरून सरांच्या सासूबाई, “कुणाशी बोलतेस गं?” आणि दर वेळी आवाज कापायचा. काही केल्या धीट येईना. शेवटी तसाच ठेवला. मराठीत विचारायचं: बसवू का? आणि ‘हो’साठी एक वाक्य, ‘नाही’साठी एक वाक्य. ‘नाही’चं वाक्य मी अगदी शेवटी, घाईत भरलं. ते कुणी ऐकणार आहे, असं वाटलंच नव्हतं. आमच्या व्यवसायात ‘नाही’ कोण म्हणतं?

सोमवारी पाकीट कंडक्टरला दिलं नाही, स्वतः घेऊन गेले. या खेपेला भीती निराळी. पत्रांची नव्हती, शिंद्यांना सांगून ती सगळी आधी दुसऱ्या फ्लॉप्यांवर उतरवून घेतली होती. भीती होती आवाज येईल की नाही याची. त्या मशीनचा भोंगा माझ्या मशीनसारखा नसला तर? पुन्हा मी माझ्या घरातली खोली त्यांच्या घरात धरून चालत असले तर? साहेब पुन्हा सोमवार देणार नव्हते. त्यांनी ते दारातच सांगितलं.

सगळे जमले. शिंदे हाताची घडी घालून. हणमंतरावांनी चाचपून फ्लॉपी आत सरकवली, हुकूम टाइप केला, बटण दाबलं. मशीन खुरखुरलं.

काही नाही.

मी भिंतीला टेकले. शिंद्यांनी साहेबांकडे बघितलं.

मग टेबलाखालच्या मशीनच्या पत्र्याच्या डब्यातून, डब्यात कोंडून घातल्यासारखा, माझा आवाज आला. कापरा, किरटा. “नमस्कार. मी या मशीनवर बोलणारा प्रोग्रॅम बसवणार आहे. बसवू का? हो असेल तर वाय दाबा. नाही असेल तर एन दाबा.”

साहेब वाकून डब्याकडे बघायला लागले. शिपाई म्हणाला, “आयला, बाई आत हायत!”

हणमंतराव हसत होते. त्यांनी बोटं बटणांवरून हळूच फिरवली, एका जागी थांबवली आणि दाबलं.

डब्यातली मी म्हणाले, “बरं. राहिलं.”

आणि सगळं थांबलं. पडदा स्तब्ध.

“काय झालं?” साहेब.

“बिघडलं, सायब,” शिंदे म्हणाले. “मी सांगत हुतो.”

“बिघडलं न्हाई,” हणमंतराव म्हणाले. “मी नगं म्हनलं.”

“का?” हे मी. रडकुंडीला आले होते मी.

“बघितलं, बाई. माझं ‘न्हाई’ ऐकतंय का त्ये.” त्यांनी मान डोलवली. “ऐकतंय.”

त्या दिवशी पुढे प्रोग्रॅम बसला, नाकातल्या इंग्रजीत वाचायला लागला, हणमंतरावांनी साहेबांच्या नावे रजेचं एक पत्र लिहिलं, त्यात एक चूक यंत्रानं वाचून दाखवली आणि त्यांनी ती दुरुस्त केली. त्यांची खुर्ची राहिली. सेवानिवृत्त होईपर्यंत ते त्याच टेबलावर होते. माझी सगळी पुडकी मी त्यानंतर उसवली. वाईच्या मालकांना आणि साळुंख्यांनाही प्रश्न परत केले, मात्र त्यांच्या भाषेत, काय जाणार आणि काय राहणार हे सांगून. साळुंखे तरीही फोन करायचेच.

पण हे सगळं नंतरचं. त्या क्षणी हणमंतरावांनी पुन्हा हुकूम टाइप केला आणि बटण दाबलं. डबा खुरखुरला. साहेब, शिंदे, शिपाई, खिडकीतून डोकावणारी शेजारची शाखा, सगळ्यांचे कान डब्याकडे. पुन्हा तोच भेदरलेला बाईचा आवाज आला, बसवू का?

हणमंतरावांनी खुर्ची पुढे ओढून घेतली, हात गुडघ्यांवर ठेवले आणि विचार करत बसले. सगळी कचेरी त्यांच्या उत्तरासाठी ताटकळत उभी होती, आणि त्यांना अजिबात घाई नव्हती.